कात्री कुणाच्या हाती?

नवरात्र उलटलं की गावोगावच्या लेडीज टेलरकडे एकच उत्तर मिळू लागतं, ‘आता दिवाळीनंतरच.’ कोपऱ्यात पिशव्यांचा ढीग साचलेला असतो. प्रत्येक पिशवीत मापाचा जुना ब्लाऊज, त्याला टाचलेली चिठ्ठी, नवं ब्लाऊजपीस आणि भिजवून वाळवलेलं अस्तर. रात्री उशिरापर्यंत मशीन चालते. असा हंगाम वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि लग्नसराईत. मधले रिकामे महिने त्याच कमाईवर काढायचे असतात.

इतकं काम, इतकी माणसं त्यावर जगणारी, आणि तरी शिवणकामाकडे आपण धंदा म्हणून क्वचितच पाहतो. ‘घरबसल्या चार पैसे मिळतात’ म्हणून विषय मिटतो. मला या धंद्याचा आढावा एका प्रश्नाच्या मागे जाऊन घ्यायचा आहे: कापड बेतून कापण्याचं काम कोणत्या काळात कुणाकडे होतं? कारण शिवणाच्या व्यवसायात पैसा आणि मान कात्रीमागे गेला आहे. टीप मारणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं.

गावगाड्यात शिंप्याची गणना बारा बलुतेदारांत सहसा होत नसे. तो अलुतेदारांच्या यादीत सापडतो. सुतार-लोहारावाचून शेतकऱ्याचं पान हलत नसे, पण अंगावरचे बहुतेक कपडे शिवलेले नसतच. धोतर, लुगडं, पागोटं, उपरणं, घोंगडी यांना सुई लागत नाही. शिवायची ती बंडी, पैरण, बाराबंदी, अंगरखा, लहानग्यांची अंगडी-टोपडी आणि कुंची. आणि अर्थात चोळी. त्यामुळे अनेक शिंपी कापडाचा व्यापारही करत. संत नामदेव याच कुळातले. त्यांच्या पदांत गज आणि कात्री भक्तीची साधनं होऊन येतात, ती हत्यारं हाताळलेल्या घरातून आलेली म्हणूनच इतकी सहज वाटतात. त्या काळी माप घेणं, बेतणं, कापणं, शिवणं हे सगळं एकाच घरात होई. वस्त्र पुरं करणारा माणूस एकच असे.

त्या बेतण्याचा उत्तम नमुना म्हणजे खणाची चोळी. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रभर येत. एका खणात एक चोळी बसावी अशा हिशेबानेच तो विणलेला. काठ बाहीवर कुठे येणार, बगलेत कोणता तुकडा लागणार, पुढे गाठ मारायला किती सोडायचं, हे कात्री लावण्याआधी ठरलेलं. चिंधीसुद्धा वाया जायची नाही. कागदावर एक रेघ न ओढता केलेलं हे भूमितीचं काम आहे, आणि ते करणारं माणूस बहुधा निरक्षर असे.

मग मशीन आली. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं मोडून टाकली. १८५१ साली अमेरिकेत आयझॅक सिंगरने आपलं पेटंट घेतलं. सिंगर कंपनीची खरी युक्ती यंत्राइतकीच विक्रीच्या रीतीत होती: मशीन हप्त्यावर मिळे. १८७०च्या दशकापासून ती हिंदुस्थानात पसरू लागली, ती याच रीतीने. इथल्या शिंप्याने तिला शत्रू मानलं नाही. दुकानाच्या ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल अशी ती मांडली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून प्रेमापोटी त्याने ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ आणली आणि पुढे काळी पायमशीन मध्यमवर्गीय घराच्या खिडकीशी येऊन बसली.

घरात आलेल्या मशीनवर बाई बसली, पण कात्री लगेच तिच्याकडे आली नाही. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवांना, अर्धवट शिकलेल्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायचं तर हातात कसब हवं, म्हणून तिथे शिवण शिकवलं जाई. नंतरच्या पिढ्यांना झारापकरांच्या कर्तनपद्धतीने मोठा हात दिला. छातीच्या मापाचे भाग पाडायचे, त्यावरून मुंढा, गळा, खांदा काढायचा, कागदावर आकृती आखायची. बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या अशी पुस्तकात आली आणि शिंप्याच्या घरात न जन्मलेल्या बाईलाही ती शिकता येऊ लागली. गल्लीगल्लीतल्या शिवणक्लासच्या वह्या आठवा: पावपट मापाच्या आकृत्या, शेजारी रंगीत पेन्सिलीने दाखवलेली माया, मागे चिकटवलेले काजांचे नमुने. या वह्यांनी किती घरं तारली याची नोंद कुठेच नाही. महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांना एक प्रकरण मिळायला हवं.

याच काळात चोळीची जागा आधी पोलक्याने आणि झंपरने, मग ब्लाऊजने घेतली. पहिले हिंदी आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात होते, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि ब्लाऊजसह ती बंगालात नेली. आपल्याकडे ब्लाऊज रुळला आणि त्याच्यामागे एक मोठी बाजारपेठ उभी राहिली: मॅचिंग सेंटरमधली टू बाय टू रुबियाची रंगीत चवड, दादरच्या हिंदमाताची आणि मंगलदास मार्केटची कापडं, भुलेश्वरच्या आणि पुण्याच्या बोहरी आळीतल्या लेसी-बटणं.

ब्लाऊज शिवणं सोपं समजणाऱ्यांनी एकदा तो उसवून पाहावा. रोजच्या वापरातल्या कपड्यांत इतका अवघड दुसरा नाही. सदरा दोन बोटं सैल झाला तरी चालतो. ब्लाऊज अंगाबरोबर बसावा लागतो आणि तरी हात वर केला तर ओढता कामा नये. सपाट कापडाला टक्स घालून गोलाई आणायची. कटोरी असेल तर तिचा जोड नेमका उंचवट्यावरून गेला पाहिजे. मुंढा अर्ध्या इंचाने चुकला तर काखेत चुण्या पडतात. मागचा गळा खोल आणि खांदा उतरता असेल तर बाही घसरते. एका बाजूचा खांदा किंचित खाली, बाळंतपणानंतर बदललेला बांधा, वाकलेली पाठ, शस्त्रक्रियेनंतरचं शरीर, हे सगळं चांगल्या टेलरबाई एका नजरेत टिपतात, तोंडाने काही न बोलता खडूची रेघ तेवढी सरकवतात. एवढ्या बायकांच्या शरीरांची ही जाण दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल? आणि त्या प्रत्येक ब्लाऊजवर आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. साडीच्या दुकानात तेवढीच रक्कम आपण मागेही पाहत नाही.

लेडीज टेलर हा शब्द एके काळी पुरुषासाठीच होता. बाई शेजारी बसून हूक लावी, तुरपाई करी, काज करी. गेल्या तीन-चार दशकांत शहरांत आणि तालुक्याच्या गावांत बायकांनी स्वतःची पाटी लावली. हा माझ्या मते या व्यवसायातला सर्वांत मोठा बदल आहे, कारण इथे माप, कात्री आणि मशीन पुन्हा एका हातात आली.

रेडिमेडने नेमकं उलटं केलं. उल्हासनगरच्या जीन्स असोत, सोलापूरचे शालेय गणवेश असोत, धारावीतले गाळे असोत, कामाची रचना तीच. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर मार्कर ठेवायचा आणि विजेच्या कात्रीने एका दमात ढीगभर तुकडे कापायचे. कापणारा ‘मास्टर’. पुढे एक कॉलर लावतो, एक बाही, एक नुसतीच साइड मारतो. पैसे नगावर. शेवटची कामं, म्हणजे धागे कापणं, बटणं लावणं, कॉलर उलटवणं, ही गाठोडी बांधून वस्तीतल्या बायकांकडे जातात. विजेचं बिल त्यांचं, जागा त्यांची, पाठदुखी त्यांची. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

सरकारी योजनाही याच वाटेने जातात. २०२४-२५ साली राज्यातल्या सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ ठरलं. पुरवठादाराने कापून दिलेले तुकडे महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे शिवायला गेले. स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळांकडे आलं, शिलाईचे १०० रुपये आणि वरखर्चाचे १०. त्या दरात शिवून देणारं माणूस शोधताना शिक्षकांची दमछाक झाली. गणवेश उशिरा आले, अनेकांना बसेनात. वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घेऊन खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली गेली. टीका झाली ती बहुतेक बचतगटांच्या शिलाईवर. पण न पाहिलेल्या मुलांची मापं दूर कुठेतरी ठरली होती, आणि शिवणाऱ्या बाईला कात्री लावायला वावच नव्हता.

मशीन वाटप तर आपल्याकडे सतत चालू असतं: जिल्हा परिषदेचं, आमदारांचं, संस्थांचं. २०२३च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपी आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये, कमी व्याजाचं कर्ज, आणि पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, पुढे हवं तर पंधरा दिवसांचं. कर्जाची सोय चांगली आहे. पण आठवड्यात मशीन चालवता येते, कापड बेतता येत नाही. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंगचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि तो करून आलेल्या मुलीही सांगतात की हात बसायला पुढे एखाद्या अनुभवी बाईच्या हाताखाली काढलेली दोन वर्षं लागली. वाटप करायचं तर त्या दोन वर्षांच्या विद्यावेतनाचं करावं.

शिवणाच्या आसपास आणखी कितीतरी धंदे जगतात. फॉल-पिको, रफू, आरीवर्क, देवाचे पोशाख, नाटकाचे भरजरी झगे. लुगड्यांच्या गोधड्या, ज्यांचा धावदोरा पाहूनच शिवणारी कोण ते कळे. गोव्यातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्यांत शिंपी इतके होते की नैरोबीत गोवेकर शिंप्यांची स्वतंत्र संस्था होती. आणि कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया, ज्यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, त्यांनीही आधी बुटीकसाठी ड्रेस आखले होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली चित्रकार कापडाकडे वळली होती.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत आशादायक धंदा मात्र शिवलेल्या नऊवारीचा. नेसायला शिकवणाऱ्या आज्या कमी झाल्या आणि बायकांनी साडीच बेतायला घेतली. ब्राह्मणी, पेशवाई, लावणी असे प्रकार ठरले. काष्टा कुठे पक्का करायचा, निऱ्या किती, पदर मोकळा ठेवायचा की टाचायचा, याचे हिशेब कुठल्या पुस्तकात नव्हते. डोंबिवली, पुणे, ठाणे इथल्या टेलरबाईंनी ते साड्या कापून कापून बसवले. पैठणीला कात्री लावताना गिऱ्हाइकाचा श्वास अडकतो, म्हणून काही जणी न कापता शिवण्याची रीत वापरतात, पुढे साडी उसवून पुन्हा नेसता येते. आता परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवासाठी मापं व्हॉट्सॲपवर येतात: कंबर, सीट, कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची. काष्टा वर चढू नये म्हणून बसल्यावरचं मापही मागवलं जातं. या कामाचा दर टेलरबाई स्वतः सांगतात, आणि निम्मी रक्कम आधी घेतात.