कवळी तीच, जबडा मात्र बदललेला

घरातील वृद्ध व्यक्ती पोळी बाजूला सारून मऊ भातच मागू लागली, की ‘वयामुळे भूक मंदावली’ असे आपण म्हणून टाकतो. त्याआधी एकदा त्यांच्या तोंडात पाहावे. अनेकदा कवळी सैल झालेली असते आणि भाकरी, कोशिंबीर, उसळ हे पदार्थ ताटातून एकेक करून नाहीसे झालेले असतात. वजन उतरते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना तर याहून तातडीचा धोका असतो: मात्रा नेहमीची आणि जेवण अर्धे, म्हणजे साखर एकाएकी खाली जाते.

दात काढल्यावर त्यांना धरून ठेवणारे हाड विरत जाते. पहिल्या वर्षी वेगाने, पुढे आयुष्यभर संथपणे, आणि खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा पुष्कळ अधिक. म्हणूनच वरची कवळी टाळूला धरून राहते, तर खालची जिभेबरोबर हलते. चिकटवण्याची पावडर वाढवत नेणे हा यावरचा उपाय नव्हे. दंतवैद्य जुन्या कवळीला आतून नवे अस्तर देऊ शकतात. तेवढ्याने भागले नाही, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर अडकवता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात 2002 साली जमलेल्या तज्ज्ञांनी हाच पहिला पर्याय मानावा, असे सुचवले होते. केवळ वय त्याच्या आड येत नाही; अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान मात्र येतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन घेतले असल्यास दंतवैद्यांना ते आधी सांगावे. जबड्याची जखम न भरण्याचा धोका अल्प असला, तरी खरा आहे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

बहुतेक कवळ्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. उकळत्या पाण्याने त्यांचा आकार बिघडतो, टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत बुरशी वस्तीला येते. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरेसा. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्या अतिवृद्धांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले होते.

कवळी घासून झालेला व्रण ती नीट करून घेतल्यावर दोन आठवड्यांत भरून यायला हवा. तसे झाले नाही, विशेषतः मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर तो तपासून घेण्यास एक दिवसही लावू नये.