नाव ठाऊक, पत्ता हरवला

मंडळी, शाळेच्या कचेरीत एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले चार-पाच संगणक असतात. एके सकाळी कारकून म्हणतो, "सर्व्हर दिसत नाही!" दाखले अडतात आणि कोणीतरी तारा उपटू लागतो. थांबा. आधी पाहा, रस्ता तुटला आहे की नुसता पत्ता सापडत नाही?

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावे आपल्या सोयीची. नावावरून आकडा सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. ती 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली.

तेव्हा सर्व्हरने नावाच्या हाकेला ओ दिली नाही, तर आकड्याने हाक मारा. 'पिंग' ही आज्ञा त्यासाठीच आहे. उत्तर आले, तर तार शाबूत आहे. दोष बहुधा पत्ता सांगणाऱ्याकडे. पुष्कळदा होते असे, की इंटरनेट जलद चालावे म्हणून कोणी संगणकात 8.8.8.8 हा गूगलच्या डीएनएसचा आकडा भरून ठेवतो. त्या सेवेला जगभरची नावे ठाऊक. पण तुमच्या कचेरीतल्या सर्व्हरचे नाव तिला कोण सांगणार? वाडीतल्या घराचा पत्ता मुंबईच्या टपालकचेरीत विचारावा, तसाच हा प्रकार! तेथे कचेरीच्याच डीएनएसचा आकडा घाला. बाहेरचा आकडा जोडीला, दुसरा म्हणूनही नको.

मात्र संगणकाचा स्वतःचा आकडा 169.254 ने सुरू होत असेल, तर दुखणे निराळे. आकडे वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून त्याला काही मिळाले नाही, म्हणून त्याने आपणच एक घेतला. मग तारेकडे खुशाल वळा.