लंडनचें वास्तव्य व आमचीं मुलें

एके काळीं समुद्रगमनाची गणना कलिवर्ज्यांत होत असे. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास प्रायश्चित्तावांचून पंक्तीस घेत नसत. आज आमच्या शहापुरासारख्या गांवींही मुलगा लंडनला शिकावयास निघाला, तर प्रश्न पंक्तीचा नसतो. तेथें त्याचे दिवस कसे जातील, हा असतो. वडील मंडळींनीं तो नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिला फरक सूर्यनारायणाचा. भंडारा सुमारें २१ अक्षांशावर, तर लंडन ५१ च्याही उत्तरेस. म्हणून डिसेंबरांत तेथील दिवस पुरता ८ तासांचाही नसतो व चारच्या सुमारास सूर्यास्त होतो. नव्या माणसाचें मन त्या अंधारानें खचतें. शिवाय हिवाळ्यांत आपलें घड्याळ साडेपांच तास पुढें असतें. येथें रात्रीं दहाला निजानीज होते, तेव्हां तेथें दुपारचे साडेचार वाजलेले असतात. निरोप उशिरां आला, तर ती हेळसांड समजूं नये.

दुसरा फरक एकांताचा. १८६३ पासून चालू असलेल्या तेथील भूमिगत रेल्वेंत माणसें खेटून बसतात, परंतु सहसा बोलत नाहींत. हा उद्धटपणा नव्हे. दुसऱ्याच्या एकांताचा तो मान आहे. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास तो जड जातो. स्वयंपाक, भांडीं, धुणें हीं कामें त्याहून सोपीं. १९३२ मध्यें स्थापन झालेलें तेथील महाराष्ट्र मंडळ अशा वेळीं मोठा आधार होतें.

या एकांताचें सोनें करणारेही झाले. रखमाबाईंनीं १८८९ त तेथें जाऊन वैद्यकाचें शिक्षण पुरें केलें. पुढें १९५४ त आमच्या भंडाऱ्यांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविणारे डॉ. आंबेडकर १९२१-२२ त किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरीं राहून अभ्यास करीत होते. महाराष्ट्र सरकारनें २०१५ त तें घर विकत घेतलें; आज तें स्मारक आहे. दोघांनींही ती विद्या मायदेशीं आणली.

आपला मुलगा परत येईल काय, ही शंका प्रत्येक घरांत असते. ती बोलून दाखवीत नाहींत इतकेंच. माझें मत असें कीं, त्याजकडून वचन घेऊं नये. वचनानें बांधलेला मुलगा पत्रांतूनही मोकळेपणानें बोलत नाहीं. पगार व परीक्षा यांपूर्वी, "आज कोणाशीं बोललास? काय जेवलास?" असें विचारावें. ज्या घरीं आपलें दुःख सांगतां येतें, त्या घराकडे माणसाचे पाय आपोआप वळतात.