हातातला खेळ आणि खिशाचा हिशेब

बंगळुरूहून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड आज माहिती-तंत्रज्ञान व्यवसायाचा रस्ता म्हणून ओळखला जातो. याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे आणि दोन्ही अंगांना मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. अशा एखाद्या घरी मुलाचा वाढदिवस जवळ आला की एक संवाद हमखास घडतो. घरात संगणक आहे, मोबाईल आहे. मग खेळण्यासाठी हातात धरायचे आणखी एक यंत्र कशाला, असा वडिलांचा प्रश्न असतो. मुलाचे उत्तर तयार असते : ‘‘बाबा, तो खेळ फक्त त्याच यंत्रावर चालतो!’’

या एका वाक्यात जगातील एका मोठ्या उद्योगाचे मर्म सामावलेले आहे.

पूरक वस्तूंचे गणित

एकीवाचून दुसरीचा उपयोग नाही अशा वस्तूंना अर्थशास्त्रात ‘पूरक वस्तू’ म्हणतात. दौत आणि शाई, वस्तरा आणि पाते ही त्याची परिचित उदाहरणे. परंतु विशिष्ट पात्यासाठी कोणी वस्तरा विकत घेत नाही. खेळयंत्रांच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. ग्राहकाला हवा असतो खेळ. यंत्र हे त्या खेळाचे प्रवेशशुल्क ठरते. म्हणूनच एखादा गाजलेला खेळ केवळ आपल्याच यंत्रावर उपलब्ध असावा, यासाठी कंपन्या जिवाचे रान करतात.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ हे यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा रंगीत नव्हता. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने रंगीत पडद्याचे ‘गेम गिअर’ आणले. तरीही बाजी मारली ती गेम बॉयने. साधेपणा, कमी किंमत आणि सेल दीर्घकाळ पुरणे ही कारणे होतीच. पण अमेरिकेत या यंत्राबरोबर ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला, ही बाब निर्णायक ठरली. मॉस्को येथील अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेला हा ठोकळ्यांचा खेळ मुलांइतकाच त्यांच्या आईवडिलांनाही आवडला आणि मुलांसाठी बनविलेले यंत्र मोठ्यांच्या हातांत गेले.

जुन्या यंत्राला नवसंजीवनी

याहून बोलके उदाहरण ‘पोकेमॉन’चे आहे. १९९६ पर्यंत गेम बॉय सात वर्षांचे जुने यंत्र झाले होते. त्या वर्षी २७ फेब्रुवारीला जपानमध्ये ‘पोकेमॉन’ची लाल आणि हिरवी अशी दोन रूपे विक्रीस आली. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्यातूनच या खेळाची कल्पना सुचली. काही प्राणी केवळ लाल रूपात सापडत, तर काही केवळ हिरव्या. संग्रह पूर्ण करायचा तर दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी देवाणघेवाण करणे भाग होते. म्हणजेच एका मुलाच्या खरेदीमुळे दुसऱ्याच्या घरीही तेच यंत्र येण्याची निकड निर्माण झाली. जुन्या यंत्राच्या विक्रीला नवा बहर आला. गेम बॉय आणि त्याची १९९८ मधील रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

गाजलेला खेळ प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर काय होते, हे सोनी कंपनीने अनुभवले. तिच्या ‘पीएसपी’ या यंत्राला जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ या खेळाने मोठा हात दिला होता. चार मित्र शेजारी बसून तो एकत्र खेळत. डिसेंबर २०११ मध्ये सोनीने ‘व्हिटा’ हे नवे यंत्र आणले. परंतु आठवडाभर आधीच याच मालिकेचा नवा खेळ निन्टेन्डोच्या ‘थ्रीडीएस’वर दाखल झाला होता. विक्री मंदावल्यामुळे थ्रीडीएसची किंमत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घटवावी लागली होती; पुढे मात्र ते साडेसात कोटींवर विकले गेले. व्हिटाला ती उंची कधीच गाठता आली नाही आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

भारतातही असा प्रयत्न झाला. सोनीने २००९ मध्ये हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेकडून आपल्या यंत्रांसाठी ‘देसी अड्डा’ हा खेळ तयार करून घेतला. त्यात विटीदांडू होता, कबड्डी होती. मुंबईच्या ट्राईन या संस्थेने गल्लीतले क्रिकेट पडद्यावर आणले. खेळ ओळखीचे होते, परंतु त्यासाठी वेगळे यंत्र घेणे सर्वसामान्य घराला परवडणारे नव्हते. पुढे मोबाईलवर मोफत खेळ आले आणि ती जागा मोबाईलनेच व्यापली.

घरचा ताळेबंद

हे तंत्र आजही तितकेच प्रभावी आहे. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचे ‘स्विच २’ बाजारात आले आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. केवळ त्याच यंत्रावर चालणारा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा खेळ पहिल्याच दिवसापासून त्याच्या सोबतीला होता.

सर्जापूर रोडवरील वडिलांनी मग काय करावे? प्रथम पूर्ण हिशेब मांडावा. समजा, यंत्र ३०,००० रुपयांचे आहे आणि ते द.सा.द.शे. १६ दराने १२ मासिक हप्त्यांत घेतले. हप्ता सुमारे २,७२२ रुपये होईल आणि एकूण सुमारे ३२,६६३ रुपये भरावे लागतील. वर्षभरात प्रत्येकी ४,००० रुपयांचे तीन खेळ घेतले तर खर्च ४४,६६३ रुपयांवर जातो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी वेळ येऊ नये यासाठी मसाल्याचा भाव आधीच विचारलेला बरा. ‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीनेही भुलून जाऊ नये. अशा योजनांत व्याज बहुधा अन्य रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांच्या निदर्शनास आणून दिले आहे.

दुसरी गोष्ट खेळाच्या स्वरूपाची. यंत्रात घालावयाच्या छोट्या पट्टीवर खेळ असेल तर तो मित्रांत अदलाबदल करता येतो, नंतर विकताही येतो. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला खेळ सहसा विकता येत नाही. एकाच संकुलातील चार घरांनी चार वेगवेगळे खेळ घेतले तर प्रत्येक मुलाला चारही खेळता येतील.

तिसरा प्रश्न मुलालाच विचारावा : हा एक खेळ संपल्यावर या यंत्रावर दुसरे काय खेळशील? उत्तर चटकन आले तर खरेदीचा विचार अवश्य करावा. उत्तर सुचेना, तर मुलाच्या नावे आवर्ती ठेव सुरू करावी आणि दरमहा हप्त्याइतकीच रक्कम तीत भरावी. वर्षअखेरीस पैसे व्याजासह हाती येतील. तोवर त्या खेळाची ओढ टिकली असेल, तर यंत्र रोखीने घेता येईल. आणि ओढ ओसरली असेल, तर ठेव त्याच्याच नावे शिल्लक राहील.