फुल, टोटल आणि कम्प्लीट

चांगल्या पावसात रेणापूर तालुक्यातला रेणा मध्यम प्रकल्प 'फुल्ल' होतो. तो 'कम्प्लीट' झाला, असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही. फुलचा संबंध क्षमतेशी, कम्प्लीटचा घटकांशी. भिंत, सांडवा, कालवे झाले की धरण कम्प्लीट. मग ते कोरडंठाक का असेना.

टोटलला बेरीज लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या १० वाघिणींचं टोटल सुमारे ५ लाख लिटर.

इंग्रजीतला 'होल' (whole) मात्र बेरजेतला नव्हे. त्यात तुकडा न पडणं महत्त्वाचं, आपल्या अखंड हरिनाम सप्ताहासारखं. वीणा खाली ठेवायची नाही, पहारेकरी बदलत राहतात. चौथ्या दिवशीही सप्ताह अखंडच असतो. कम्प्लीट होतो तो काल्याच्या कीर्तनानंतर. होल आणि कम्प्लीट ही दोन टोकं एकदा कळली की बाकीचे शब्द फारसे छळत नाहीत.

एन्टायर हा होलचाच भाऊ, जोर 'काहीही वगळलं नाही' यावर. आपल्या बोलण्यात तो क्वचितच येतो. याउलट 'टोटल फुल्ल' हा एसटीतला जोडशब्द कुठल्याच व्याकरणात बसत नाही, पण फाट्यावर उभ्या माणसाला लगेच कळतो.