पेशीचं घड्याळ, कागदावर

झेनोपस या आफ्रिकन बेडकाचं अंडं असतं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. फलनानंतर साधारण दीड तासात त्याच्या दोन पेशी होतात, आणि मग दर अर्ध्या तासाला दुप्पट. पण खरी कमाल वेगळीच. ही अंडी फोडून त्यांचा नुसता रस नळीत ठेवला, तरी त्यातली रसायनं तालात चढत-उतरत राहतात. पेशी मोडली, घड्याळ मात्र चालूच!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमधल्या जॉन टायसन यांनी हे घड्याळ समीकरणांत पकडलं. त्याआधी ते चंचुपात्रात आलटून-पालटून रंग बदलणाऱ्या बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रियेत रमले होते. तिच्यावर 1976 मध्ये त्यांनी पुस्तकही लिहिलं. तालाचं वेड जुनंच म्हणायचं.

पेशीत सायक्लिन नावाचं प्रथिन हळूहळू साठतं. पुरेसं साठलं की विभाजन घडवणारं विकर एकदम जागं होतं, आणि शेवटी सायक्लिनचाच नाश करवतं. मग पुन्हा पहिल्यापासून. हे विकर मोठं धूर्त आहे: जागं होताच ते स्वतःला जागवणाऱ्या प्रथिनाला बळ देतं आणि झोपवणाऱ्याला नामोहरम करतं. हा डावपेच टायसन आणि बुडापेस्टचे बेला नोव्हाक यांनी 1993 मध्ये गणितात मांडला, तेव्हा उंबरठे निघाले दोन. विभाजनात शिरायला सायक्लिन जास्त लागतं, तिथे टिकायला कमी पुरतं. गच्चीवरच्या टाकीचा स्वयंचलित पंप आठवा. टाकी तळाला गेली की तो सुरू होतो, काठोकाठ भरली की बंद. टाकी अर्धी असताना तो चालू असेल की बंद, हे नुसत्या पातळीवरून सांगताच येत नाही. आधी काय घडलं ते माहीत हवं. म्हणजे मेंदू नसलेल्या त्या रसाला स्वतःचा भूतकाळ आठवतो!

समीकरणांनी आणखी एक विचित्र गोष्ट सांगितली होती. सायक्लिनने वरचा उंबरठा जेमतेम ओलांडला, तर विभाजन फार रेंगाळत सुरू होईल.

तब्बल दहा वर्षांनी, 2003 मध्ये, दोन प्रयोगशाळांनी बेडकाच्या अंड्यांच्या रसात मोजूनमापून सायक्लिन घालून पाहिलं. मधल्या पातळीला, आधी शांत असलेला रस शांतच राहिला आणि विभाजनात असलेला विभाजनातच. रेंगाळणंही दिसलं. यातली एक प्रयोगशाळा टायसन यांच्याच विद्यापीठातली होती.

पुढच्याच वर्षी टायसन आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीचं प्रारूप शंभराहून अधिक उत्परिवर्तित वाणांवर पडताळलं. बहुतेक जुळले. जे जुळले नाहीत तेही त्यांनी छापले, आणि माझ्या मते त्या शोधनिबंधातला सर्वांत वाचनीय भाग तोच आहे.