सॉफ्टवेअर घडते कसे – भाग ७ : राखलेली चूक, नकोशी सोय

बग शोधतात कसा, हे मागच्या आठवड्यात पाहिले. सापडला की दुरुस्त करायचा, त्यात विचारण्यासारखे काय, असे कुणालाही वाटेल. पण एक्सेल उघडा, एका चौकटीत ६० लिहा आणि त्या आकड्याला तारखेचे रूप द्या. समोर येईल २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस कधी उगवलाच नाही. शतकी वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष, आणि १९०० ला तो जात नाही.

चूक मुळात मायक्रोसॉफ्टची नव्हे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये ती होती. तिथे तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांचा आकडा, आणि त्या मोजणीत हा नसलेला दिवस शिरला होता. एक्सेल आले तेव्हा कचेऱ्यांतले हिशेब लोटसमध्ये होते. ते एक्सेलमध्ये उघडून तारखा जुळल्या नसत्या, तर कॅलेंडर काढून एक्सेलचेच खरे, असे कोण म्हणत बसले असते? लोक लोटसकडे परत गेले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली. आज ती सुधारली, तर जगभरातल्या फायलींतल्या जवळजवळ सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील आणि त्यांवर बेतलेली सूत्रे बिघडतील. न सुधारल्याचा तोटा एवढाच, की १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांचे वार चुकतात. मला हा निर्णय पूर्ण पटतो.

त्याच एक्सेलची दुसरी गोष्ट मात्र खटकते. तारखेसारखे काही टाइप केले की एक्सेल आपणहून त्याची तारीख करून टाकते. बिले लिहिणाऱ्याचे श्रम त्याने वाचतात. पण ‘सेप्ट२’ हे एका मानवी जनुकाचे नाव होते. ते टाइप केले की व्हायचे २ सप्टेंबर, आणि आत उरायचा फक्त दिवसांचा आकडा. मूळ नाव गेलेच. संशोधक २००४ पासून हे छापून सांगत होते. २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच माघार घेतली आणि ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’ झाले. हे रूपांतर कायमचे बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

एवढ्या उशिराचे समर्थन करता येत नाही. लीप वर्षाची चूक सुधारली असती तर जुन्या फायली बिघडल्या असत्या. इथे एक बटण दिल्याने कुणाचीच फाइल बिघडणार नव्हती. ज्याला सोय हवी त्याची ती राहिलीच असती. शास्त्रज्ञांना जनुकांचे बारसे पुन्हा करावे लागले, ते टाळता आले असते.

तक्रारींच्या ढिगातून कोणती आधी हाती घ्यायची, हे ठरवण्याच्या पद्धती पुढच्या आठवड्यात.